स्वतःचं घर बांधताना पैशांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जागा ताब्यात आहे, आराखडा कागदावर उतरू लागला आहे आणि आता रात्री झोप येत नाही, अशा अवस्थेतल्या माणसांसाठी हे पान आहे. मी एक घर स्वतः बांधून घेतलं आणि त्यानंतर मित्र-नातेवाइकांच्या चार-पाच घरांच्या हिशेबाला बसलो. त्यात हेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले. उदाहरणांतले आकडे कोणत्याही चलनात वाचा. व्याजाचा दर सगळीकडे वार्षिक ९ टक्के धरला आहे, तो फक्त गणितासाठी.

एकूण खर्च किती येईल? एक आकडा सांगा.

छातीठोकपणे एक आकडा सांगणारा भेटला, तर त्याला एवढंच विचारा: यात काय काय धरलेलं नाही? उत्तराची यादी बहुतेक वेळा आकड्यापेक्षा जास्त कामाची निघते.

सुरुवातीला "क्षेत्रफळ गुणिले दर" हा ढोबळ हिशेब चालतो, पण तो फक्त हे घर आपल्या आवाक्यात आहे की नाही एवढं ठरवण्यापुरता. त्यावर कर्जाचा अर्ज करू नये. स्ट्रक्चरल ड्रॉइंग (पाया, खांब, बीम, स्लॅबची मापं आणि लोखंड दाखवणारा नकाशा) हातात आल्यावर कामागणिक इस्टिमेट करून घ्या: खोदाई इतकी, काँक्रीट इतकं, लोखंड इतकं, वीटकाम इतकं, गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, नळकाम, वायरिंग, रंग. हे करून देणाऱ्याला वेगळी फी द्यावी लागली तरी द्या. पुढे प्रत्येक बिल याच कागदाशी ताडून पाहता येतं.

या इस्टिमेटच्या बाहेर आणखी एक ढीग असतो आणि तो पहिल्या वहीत कुणीच लिहीत नाही. माती परीक्षण, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी, परवानगीचं शुल्क, पाणी-वीज-सांडपाण्याची जोडणी, बांधकामापुरतं पाणी आणि तात्पुरतं वीज मीटर, कंपाउंड, फाटक, कर्जाचं प्रक्रिया शुल्क, विमा, बांधकाम चालू असतानाचं व्याज, आणि तेवढे महिने राहत्या जागेचं भाडं. घरात राहायला गेल्यावर पडदे, ओटा, कपाटं, दिवे लागतात, त्यांचं तर विचारूच नका. मी हा ढीग पहिल्यांदा लिहून काढला तेव्हा चहा गार झाला होता.

ठेकेदार चौरस फुटाचा दर सांगतो. तो कसा समजून घ्यायचा?

दराआधी क्षेत्रफळ कोणतं ते विचारा. बाहेरून १० मीटर बाय १० मीटरचं घर म्हणजे १०० चौरस मीटर. बाहेरच्या भिंती २३ सेंटिमीटर जाड असतील तर आतली मोकळी बाजू ९.५४ मीटर उरते आणि क्षेत्रफळ ९१ चौरस मीटर होतं. आतल्या भिंती अजून धरलेल्याच नाहीत. म्हणजे दर तोच, माप वेगळं, आणि बिलात ९ टक्क्यांचा फरक. त्यात बाल्कनी पूर्ण धरायची की निम्मी, जिना प्रत्येक मजल्यावर मोजायचा की एकदाच, छज्जे आणि गच्ची मोजायची का, गच्चीवरची टाकी आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा) दरात आहे का, हे सगळं करारात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं माप बिल येईपर्यंतच लक्षात राहतं.

दोन ठेकेदारांच्या दरांची तुलना करायची असेल तर दोघांना एकच यादी द्या. नाहीतर एकाच्या दरात फरशी असते, दुसऱ्याच्या दरात फक्त फरशी बसवण्याची मजुरी असते, आणि स्वस्त वाटलेला महाग पडतो.

आराखड्यातल्या कोणत्या गोष्टी खर्च फुगवतात?

या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्यावा असं माझं मत आहे, कारण कागदावर भिंत पुसायला खोडरबर पुरतो.

पहिली गोष्ट आकार. १०० चौरस मीटरचं घर चौकोनी, १० बाय १० असेल तर बाहेरची भिंत ४० मीटर लांब होते. तेच क्षेत्रफळ ५ बाय २० मध्ये बसवलं की भिंत ५० मीटर. आतली जागा तितकीच, पण भिंत पाव पटीनं वाढली. तिच्याबरोबर तिचा पाया, दोन्ही बाजूंचा गिलावा आणि रंगही वाढला. घराला कोनाडे, खाचा, पुढे आलेले भाग दिले की असंच होतं. दिसायला छान दिसतात, नाही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट मजले. तेच १०० चौरस मीटर दोन मजल्यांत, ५०-५० असे विभागले तर पाया आणि छप्पर यांचं क्षेत्र निम्मं होतं. पण चौकोनी घरातही बाहेरच्या भिंतीची दोन्ही मजल्यांची मिळून लांबी ४० वरून साधारण ५७ मीटरवर जाते, मधला स्लॅब लागतो आणि जिना दोन्ही मजल्यांवरची जागा खातो. जमीन महाग किंवा पाया खोल असेल तर दोन मजले परवडतात. जमीन भरपूर आणि पक्की असेल तर एक मजली घर बहुधा स्वस्त पडतं. "वर चढवलं की स्वस्त" हा सरसकट नियम नाही.

तिसरी गोष्ट खांबांमधलं अंतर. हॉल मोठा हवा म्हणून मधला खांब काढला की बीम खोल होतं, लोखंड वाढतं आणि कधी स्लॅबही जाड करावा लागतो. १०० चौरस मीटरचा स्लॅब १२५ मिलिमीटरऐवजी १५० चा केला तर काँक्रीट १२.५ घनमीटरवरून १५ घनमीटर होतं. वाढलेल्या अडीच घनमीटरचं वजन सुमारे सहा टन. ते सहा टन बीम, खांब आणि पाया या सगळ्यांना पेलावे लागतात, म्हणजे लोखंड तिथेही वाढतं. इथे मात्र इंजिनिअरशी घासाघीस करू नका. जाडी त्यानं ठरवायची, अंतर तुम्ही कमी करायचं.

शेवटची गोष्ट ओल्या जागा. न्हाणीघर, संडास, स्वयंपाकघर एकमेकांना लागून आणि वरच्या मजल्यावर एकावर एक असतील तर पाइप कमी लागतो, वॉटरप्रूफिंग कमी लागतं आणि पुढे गळती झाली तर शोधायची जागाही एकच असते.

राखीव रक्कम किती ठेवावी?

नव्या घराला इस्टिमेटच्या १० ते १५ टक्के. जुन्या घरावर मजला चढवायचा किंवा जुनं फोडून वाढवायचं असेल तर २० टक्क्यांपर्यंत, कारण जुन्या भिंतीच्या आत काय आहे हे भिंत फोडल्यावरच कळतं.

ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिची दोन भागांत वाटणी करा. पहिला भाग जोत्यापर्यंतचा, म्हणजे पाया जमिनीच्या वर येऊन फरशीच्या पातळीला पोहोचेपर्यंतचा. खोदताना खडक लागला, भराव लागला, पाणी लागलं तर त्यातून खर्च करायचा. जोतं झालं आणि तो भाग उरला तर तो लगेच चांगल्या टाइल्सवर उडवू नका, पुढे ढकला. दुसरा भाग फिनिशिंगसाठी. तिथे जमीन दगा देत नाही, आपलं मन देतं.

कर्ज किती घ्यावं?

बँक किती देते हा वेगळा प्रश्न आहे आणि तो तुमच्या कामाचा नाही. बँक तुमची मिळकत बघते. तुमच्या आईचं औषधपाणी, मुलाची पुढची फी, दर दोन वर्षांनी बिघडणारी गाडी तिला दिसत नाही.

हातात येणाऱ्या पगाराच्या ३५ ते ४० टक्क्यांवर सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून जाऊ नयेत, हा जुना आडाखा आजही बरा आहे. पण आडाख्यापेक्षा रंगीत तालीम चांगली. कर्ज घ्यायच्या आधी सहा महिने, होणारा हप्ता वजा आजचं भाडं, एवढी रक्कम दर महिन्याच्या एक तारखेला वेगळ्या खात्यात टाका आणि उरलेल्यात घर चालवा. जमलं तर हप्ता झेपणार आहे आणि वर थोडी गंगाजळीही साठली. तिसऱ्या महिन्यात त्या खात्यातून पैसे काढावे लागले, तर घर लहान करा. कागदावरच.

मुदत लांब घ्यावी की आखूड?

एक लाखाच्या कर्जाला ९ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता साधारण १,०१४ येतो, २० वर्षांचा ९०० आणि ३० वर्षांचा ८०५. म्हणजे २० वरून ३० वर गेलं तर हप्ता ९५ नं कमी होतो आणि दहा वर्षं जास्त भरावा लागतो. एकूण व्याज १५ वर्षांत सुमारे ८२,५००, २० वर्षांत १,१६,००० आणि ३० वर्षांत १,९०,०००. वीस वर्षांच्या पुढे हप्ता फारसा उतरत नाही, व्याज मात्र धावतं.

आणखी एक गोष्ट लोकांना पाच वर्षांनी कळते आणि तेव्हा धक्का बसतो. वीस वर्षांच्या कर्जात पाच वर्षं इमानेइतबारे हप्ते भरले, म्हणजे पाव मुदत संपली, तरी मुद्दल फक्त ११ टक्क्यांच्या आसपास फिटलेलं असतं. बँक फसवत नाही. सुरुवातीला मुद्दल मोठं असल्यामुळे ९०० च्या पहिल्या हप्त्यातले ७५० व्याजातच जातात. म्हणूनच जादा पैसे भरायचे तर सुरुवातीच्या वर्षांत भरावेत. दरवर्षी एक हप्ता जास्त भरला तर वीस वर्षांचं हे कर्ज सुमारे साडेतीन वर्षं आधी संपतं. मुदतीआधी फेडण्यावर दंड आहे का, हे सही करण्यापूर्वी विचारा.

माझा कल असा: मुदत जरा लांब घ्यावी, म्हणजे वाईट महिन्यात हप्ता गळ्याशी येत नाही, आणि चांगल्या वर्षी जादा भरावं. अट एकच, जादा भरण्याची शिस्त हवी. ती नसेल तर आखूड मुदत घ्या.

दर स्थिर घ्यावा की बदलता?

बदलत्या दरात काय होऊ शकतं ते आधी बघा. वर घेतलेल्या वीस वर्षांच्या उदाहरणात दर अगदी सुरुवातीलाच ९ वरून १० टक्के झाला तर हप्ता ९०० वरून ९६५ होतो. बऱ्याचदा बँक हप्ता तसाच ठेवते आणि मुदत वाढवते. मग वीस वर्षांची २६ वर्षं होतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. दर ११ टक्के झाला तर महिन्याचं नुसतं व्याजच ९१७ होतं, म्हणजे ९०० चा हप्ता भरून कर्ज कमी होण्याऐवजी वाढू लागतं. दर वाढल्याचं पत्र आलं की मुदत किती झाली ते विचारायचं आणि जमेल तेवढा हप्ता वाढवून घ्यायचा.

स्थिर दर थोडा महाग असतो, पण झोप देतो. तो खरंच शेवटपर्यंत स्थिर आहे की दोन-तीन वर्षांपुरता, एवढं मात्र वाचून बघा.

कर्ज मंजूर झालं, म्हणजे पैशाची चिंता मिटली ना?

नाही. उलट खरी चिंता इथून सुरू होते, आणि मी हिशेबाला बसलेल्या घरांपैकी जी अडकली ती सगळी इथेच अडकली. त्यांना एकूण पैसा कमी नव्हता, वेळेवर नव्हता.

तयार घर घेताना बँक एकदम पैसे देते. बांधायच्या घराला ती टप्प्यांनी देते. आधी तुमचा वाटा घाला म्हणते, मग एक टप्पा पूर्ण झाला की तिचा माणूस येऊन पाहणी करतो आणि झालेल्या कामापुरती रक्कम सोडतो. म्हणजे काम आधी, पैसे मागून. वरातीमागून घोडं म्हणतात तसं.

एक उदाहरण घेऊ. एकूण खर्च १००. तुमचे ३०, बँकेचे ७०. बेरीज बरोबर जुळते. जोत्यापर्यंत खर्च १८, जोत्यापासून स्लॅबपर्यंत २७, वीटकाम-गिलाव्याला २५, फिनिशिंगला ३०. बँक जोतं झाल्यावर १४ देणार, स्लॅबनंतर २१, गिलाव्यानंतर २१ आणि घर पूर्ण झाल्यावर उरलेले १४.

आता चालून बघा. तुमच्या ३० मधून जोत्याचे १८ गेले, उरले १२. बँकेचे १४ आले, झाले २६. स्लॅबला २७ लागतात, १ कमी. स्लॅब कसाबसा झाला, २१ आले, उसना १ फेडून हातात २०. वीटकाम-गिलाव्याला २५ हवेत, ५ कमी. तेही कुठून तरी भागवलं, २१ आले, फेडाफेड होऊन उरले १६. फिनिशिंगला ३० हवेत आणि १४ कमी आहेत. बँकेकडे बरोबर १४ शिल्लक आहेत, पण ते घर पूर्ण झाल्यावर मिळणार आहेत, आणि घर पूर्ण करायलाच तर ते हवे आहेत.

एकूण बेरजेत एक पैसाही कमी नाही, तरी तीन वेळा काम थांबलं. काम थांबलं की मजूर दुसऱ्या साइटवर जातात, सेंट्रिंगचं (स्लॅबखालच्या तात्पुरत्या टेकूंचं आणि फळ्यांचं) भाडं आणि तुमचं घरभाडं चालूच राहतं.

यावर उपाय आहेत, पण ते सगळे करारावर सही करण्याआधीचे. बँकेच्या टप्प्यांचा तक्ता आधी मागून घ्या आणि ठेकेदाराचे टप्पे त्याला जुळवा. टप्पे लहान आणि जास्त करून मागा, विशेषतः शेवटचा फोडून घ्या: फरशी झाल्यावर काही, दारं-खिडक्या बसल्यावर काही. पाहणीची विनंती टप्पा पूर्ण व्हायच्या आठ-दहा दिवस आधीच देऊन ठेवा. वाळू-सिमेंट-लोखंडवाल्याशी महिन्याच्या उधारीची बोलणी आधीच करा. आणि वरच्यासारखा तक्ता स्वतःच्या आकड्यांनी मांडून सर्वांत मोठा खड्डा कितीचा आहे ते काढा. आमच्या उदाहरणात तो १४ चा आहे. तेवढे पैसे काही आठवड्यांपुरते कुठून येतील हे आज ठरवलं तर ते मदत असते. त्या दिवशी धावपळ करून आणले तर ते महागडं कर्ज असतं.

बांधकाम चालू असताना हप्ता भरावा लागतो का?

बहुतेक ठिकाणी तोपर्यंत फक्त उचललेल्या रकमेवरचं व्याज भरावं लागतं, पूर्ण हप्ता नंतर सुरू होतो. हे व्याज थोडं वाटतं. कर्ज बारा महिन्यांत समान वेगानं उचललं असं धरलं तर सरासरी निम्मी रक्कम वर्षभर वापरली, म्हणजे एकूण कर्जाच्या साडेचार टक्के व्याज. तेच काम अठरा महिने रेंगाळलं तर पावणेसात टक्के. त्यात भाडं मिळवा. ही रक्कम बजेटमध्ये वेगळ्या ओळीत लिहा. आणि या काळात मुद्दलाचा एक पैसाही फिटत नसतो, हेही लक्षात असू द्या.

सगळी बचत घरात घातली तर कर्ज कमी लागेल. घालू का?

नको. सहा महिन्यांचा घरखर्च आणि तेवढेच हप्ते बाजूला राहू द्या. विटांमध्ये गेलेला पैसा आजारपणात बाहेर काढता येत नाही.

नातेवाइकांकडून उसने घ्यावेत का?

घ्या, पण कागदावर. रक्कम, तारीख, परत कधी, व्याज असेल तर किती, दोघांच्या सह्या. "आपल्यात कसला कागद" असं म्हणणाऱ्या काकांनाही विनवून सही घ्यावी. कागद अविश्वासासाठी नसतो, दोघांपैकी एकाची आठवण बदलते त्यासाठी असतो. आणि हे पैसे वरच्या खड्ड्यासाठी, म्हणजे दोन महिन्यांपुरते मागा. काही महिन्यांसाठी मागितलेले पैसे माणसं देतात, बेमुदत मागितलेल्यांना कारणं देतात.

काम मजुरीवर द्यावं की मटेरियलसह?

मजुरीवर दिलं तर माल तुम्ही आणायचा, दर्जा तुमच्या हातात राहतो आणि नासाडीही तुमच्या माथी येते. ठेकेदाराला सिमेंट वाया गेल्याचं सोयरसुतक नसतं. मटेरियलसह दिलं तर तो नासाडी टाळतो, पण कधी कधी मालही टाळतो. रोज साइटवर तासभर जाऊ शकणारा माणूस घरात असेल तर मजुरीवर द्या. नसेल तर मटेरियलसह द्या आणि कंपनी, ग्रेड, जाडी, प्रमाण सगळं करारात लिहा.

माल तुम्ही आणणार असाल तर दोन हिशेब पाठ करा. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ नं भागा, की एका मीटरचं वजन किलोत येतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो, १२ मीटरची कांब सुमारे १०.७ किलो. वजनकाट्याच्या पावतीशी हे ताडून पाहा. दुसरं वाळूचं: ओली वाळू फुगते. पाचेक टक्के ओलाव्याला तिचं आकारमान २० ते ३० टक्के जास्त दिसतं. घनमापानं ओली वाळू घेतली तर सहावा ते चौथा हिस्सा हवा विकत घेतली.

भाव वाढतील म्हणून सिमेंट आधीच भरून ठेवू का?

सिमेंट अजिबात नको. पोत्यात पडून राहिलेलं सिमेंट ढोबळमानानं तीन महिन्यांत ताकदीचा पाचवा हिस्सा गमावतं, दमट हवेत त्याहून लवकर. महिन्याला लागेल तेवढंच आणा, फळ्यांवर रचा, भिंतीपासून लांब ठेवा आणि आधी आलेलं आधी वापरा. लोखंड एका टप्प्यापुरतं आधी घ्यायला हरकत नाही, झाकून ठेवा. टाइल्स मात्र एकाच बॅचच्या, पाच-दहा टक्के जादा, एकदम घ्या. नंतर तीच छटा मिळत नाही.

ठेकेदाराला अ‍ॅडव्हान्स किती द्यावा?

५ ते १० टक्के, आणि तो पुढच्या बिलांतून वळता व्हायला हवा. त्यानंतर पैसे झालेल्या कामाचे, मोजमाप करून. प्रत्येक बिलातून ५ टक्के राखून ठेवा. निम्मे ताबा घेताना द्या, निम्मे एक पावसाळा काढल्यावर. गच्ची गळते का हे पावसालाच ठाऊक असतं.

आमच्याकडे एकदा ठेकेदार "कामावरच्या मुलांचे पगार अडलेत" म्हणाला म्हणून पुढच्या टप्प्याचे पैसे आधी दिले. तीन आठवडे साइटवर फक्त एक सायकल उभी होती.

मध्येच बदल केला तर किती फरक पडतो?

तो बदल केव्हा सुचला यावर आहे. स्विचबोर्डची जागा भिंतीवर खडूनं आखलेली असताना बदलली तर फुकट. पाइप टाकल्यावर बदलली तर झिरी (पाइपसाठी भिंतीत पाडलेली खाच) पुन्हा मारायची. गिलावा, पुट्टी, रंग झाल्यावर बदलली तर एका बोर्डापायी सगळी भिंत रंगवायची, कारण ठिगळ दिसतं. म्हणून फर्निचर कुठे येणार ते वायरिंगच्या आधी जमिनीवर खडूनं आखा. पलंग, टेबल, फ्रिज, सगळं. हास्यास्पद वाटतं, पण मी आखलं नव्हतं आणि आज आमच्या पलंगामागे दोन सुंदर स्विचबोर्ड लपलेले आहेत.

बदल करायचाच असेल तर काम सुरू होण्याआधी त्याचा खर्च आणि वाढणारे दिवस ठेकेदाराकडून लिहून घ्या. "बघू नंतर" हे शब्द शेवटच्या बिलात सापडतात.

काटकसर कुठे करावी?

जे नंतर बदलता येतं तिथे. कपाटं, दिवे, नळाच्या तोट्या, वरचा रंग, बाहेरची फरसबंदी साधी चालेल. पाया, लोखंड, वॉटरप्रूफिंग, भिंतीत गाडलेले पाइप, वायरची जाडी इथे एक पैसाही वाचवू नका. काँक्रीटवर पाणी मारण्याचा खर्च तर जवळजवळ शून्य असतो आणि तेच सर्वांत जास्त चुकवलं जातं. काँक्रीटला ठरलेली ताकद यायला २८ दिवस धरतात, त्यातली सुमारे दोन-तृतीयांश पहिल्या आठवड्यात येते, आणि तीही ओल राहिली तरच.

बाकी तोट्यांच्या किमतीवर दुकानोदुकानी हिंडणं म्हणजे दात कोरून पोट भरणं. एक खोली कमी केली तर जे वाचतं ते शंभर तोट्यांत वाचत नाही.

टप्प्याटप्प्यानं बांधलं तर? आधी दोन खोल्या, मग बाकी.

चांगला मार्ग आहे, फक्त "मग" चा आराखडा आजच हवा. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरजवळच्या अरण्य वसाहतीत संडास-न्हाणीघराचा गाभा आणि जोतं देऊन बाकी घर कुटुंबांना आपापल्या ऐपतीनं वाढवू दिलं. चिलीत इकिके इथे अलेहांद्रो अरावेना यांच्या गटानं २००४ मध्ये अर्धी घरं बांधली आणि उरलेला अर्धा भाग राहणाऱ्यांनी भरून काढला. दोन्हीकडे अवघड भाग आधीच केलेला होता: पाया, ओल्या खोल्या, मूळ सांगाडा.

तुमच्या घरातही तेच. वरचा मजला पाच वर्षांनी घ्यायचा असेल तर पाया आणि खांब आजच दोन मजल्यांचे करा, जिन्याची जागा सोडा, पाइपांची वाट ठेवा. याचा आजचा जादा खर्च नंतर पाया बळकट करण्यापुढे किरकोळ असतो. वर सोडलेल्या सळयांना सिमेंटचं पाणी लावा किंवा हलक्या काँक्रीटमध्ये झाका, नाहीतर गंजलेल्या सळयांना जोड देण्याची वेळ येते.

थोडं काम स्वतः केलं तर वाचतं का?

रंग, बाग, घासणं-पुसणं, माल मोजून घेणं यात वाचतं. वायरिंग, नळकाम, वॉटरप्रूफिंग यात नाही. आणि रंगकाम रविवारी-रविवारी करत तीन महिने लांबलं, तर वाचलेली मजुरी भाड्यात गेली.

हिशेब कसा ठेवावा?

एक वही किंवा एक शीट, चार रकाने: इस्टिमेट, ठरलेली रक्कम, दिलेली रक्कम, अजून देणं. लोक तिसराच रकाना भरतात. महत्त्वाचा चौथा आहे. दर रविवारी चौथ्या रकान्याची बेरीज हातातल्या आणि येणाऱ्या पैशांशी ताडायची. ती जास्त निघाली तर त्याच आठवड्यात काहीतरी पुढे ढकला.

आणि एवढं करूनही पैसे संपले तर?

कुठे थांबायचं ते निवडता आलं पाहिजे. अर्धवट गिलाव्यावर किंवा उघड्या वीटकामावर थांबणं सर्वांत वाईट, पाऊस-ऊन दोन्ही खातात. छप्पर झालं, बाहेरचा गिलावा झाला, दारं-खिडक्या बंद होतात, एक संडास आणि एक नळ चालू आहे, इथवर ओढत न्या. आतली फरशी, रंग, कपाटं, दुसरं न्हाणीघर, कंपाउंड सगळं थांबू शकतं. राहण्याची परवानगी मिळत असेल तर राहायला या, कारण त्या दिवशी भाडं थांबतं आणि ते पैसे पुढच्या कामाला लागतात.

बँकेला हप्ता चुकण्याआधी सांगा, चुकल्यावर नाही. चुकण्याआधी मुदत वाढवून मिळण्याची, राहिलेल्या टप्प्याची रक्कम फोडून मिळण्याची शक्यता असते. ठेकेदारालाही सांगा, आणि तोवर झालेल्या कामाचं मोजमाप दोघांनी मिळून करून, आकडा लिहून, सह्या करून ठेवा. सहा महिन्यांनी काम पुन्हा सुरू कराल तेव्हा कुठून सुरू करायचं याचा वाद त्या एका कागदावर मिटतो.